इतर हक्क

सातबाऱ्यावर 'इतर हक्क' नावाचा एक रकाना असतो. विहिरीतल्या पाण्याच्या पाळ्या, विकास सोसायटीचा बोजा, एखाद्या जुन्या कुळाचं नाव, असलं सगळं तिथे जातं. वडील गेल्यावर वारस नोंद झाली, तेव्हा भावाचं नाव कब्जेदार म्हणून लागलं आणि आम्हा दोघी बहिणींची नावं गेली या रकान्यात, सोसायटीच्या कर्जाच्या खाली. जमीन सव्वातीन एकर, जिरायत. ज्वारी आणि घेवड्यापलीकडे तिने कधी कुणाला काही दिलं नाही. दोन वर्षांनी आम्ही हक्कसोडपत्र करायला गेलो. आत्याने केलं होतं, मावशीने केलं होतं. दुय्यम निबंधकांच्या कचेरीत आधी थोरल्या बहिणीने त्या छोट्या कॅमेऱ्याकडे बघून फोटो काढून घेतला, अंगठा टेकवला, मग मी. कागदात लिहिलं होतं, 'राजीखुशीने व कोणाच्याही दडपणाशिवाय'. दडपण नव्हतंच म्हणा. आदल्या रात्री वहिनीने पुरणपोळी केली होती.

त्या कागदाची आठवण मागच्या जूनमध्ये आली ती भलत्याच ठिकाणी. इंग्लंडमध्ये, सफोक परगण्यात क्लेअर नावाचं एक लहानसं गाव आहे. लेक केंब्रिजला असते, तिच्या गाडीतून तासाभराचा रस्ता. गावाच्या कडेला मातीचं एक उंच टेकाड आहे, हाताने रचलेलं, आणि त्याच्या डोक्यावर दगडी भिंतीचा एक तुकडा उभा आहे. किल्ल्याचा उरलेला भाग एवढाच. खालच्या पटांगणातून १८६५ साली रेल्वेचा फाटा नेला, त्यात किल्ल्याचा आतला कोट कापला गेला. शंभर वर्षांनी, १९६७ला, ती रेल्वेही बंद पडली. आता स्टेशनाच्या इमारतीत चहा मिळतो आणि रुळांच्या जागी लोक कुत्री फिरवतात.

टेकाडाला वळसे घालत जाणारी वाट चढून आम्ही वर बसलो. लेकीने थर्मासमधून चहा ओतला आणि म्हणाली, "आई, ही सगळी एका बाईची जहागीर होती. तिने पण एकदा तुझ्यासारखीच सही केली होती."

त्या बाईचं नाव एलिझाबेथ द बर्ग. 'लेडी ऑफ क्लेअर', म्हणजे क्लेअरची मालकीण. जन्म सप्टेंबर १२९५चा. बाप गिल्बर्ट द क्लेअर, ग्लॉस्टरचा अर्ल, इंग्लंडच्या सर्वांत मोठ्या जमीनदारांपैकी एक. ही तीन महिन्यांची असताना तो गेला. आई राजा पहिल्या एडवर्डची मुलगी. तिला 'एकरची जोन' म्हणत. हा एकर जमिनीचा नव्हे, पवित्र भूमीतलं एकर नावाचं बंदर, ती तिथे जन्मली म्हणून. पण जमिनीचे एकर याही लग्नात होतेच. १२९०मध्ये जावई करून घेताना राजाने गिल्बर्टकडून सगळी इस्टेट आधी आपल्या नावावर करून घेतली आणि मग नवराबायकोला जोडीने परत दिली, पुढे या दोघांच्या पोटच्या मुलांनाच जाईल अशा बोलीवर. गिल्बर्टला पहिल्या बायकोपासून दोन मुली होत्या. त्या एका कागदाने वाऱ्यावर गेल्या. एलिझाबेथला पुढे जे मिळालं, त्यात या दोन सावत्र बहिणींचं गेलेलं होतं. हे तिच्या कौतुकाच्या गोष्टींत सहसा कोणी सांगत नाही.

तेराव्या वर्षी तिचं लग्न झालं, १३०८मध्ये, आणि ते चक्क साटंलोटं होतं. आयर्लंडमधल्या अल्स्टरच्या अर्लचा मुलगा जॉन द बर्ग हिला, आणि त्याची बहीण मॉड हिच्या भावाला. वॉल्थमच्या मठात दोन्ही लग्नं एका दिवसाच्या अंतराने लागली. म्हणजे मॉड एकाच वेळी हिची वहिनी आणि नणंद. एलिझाबेथ आयर्लंडला सासरी गेली, सतराव्या वर्षी मुलगा झाला, विल्यम. मुलगा वर्षाचा व्हायच्या आत, १३१३च्या जूनमध्ये, जॉन गेला.

तोवरही ती एका मोठ्या घरची विधवा सून, एवढंच तिचं मोल होतं. ते बदललं ते २४ जून १३१४ला, स्कॉटलंडमध्ये बॅनकबर्नच्या रणात. इंग्लंडच्या फौजेचा तिथे धुव्वा उडाला आणि मेलेल्यांत तेवीस वर्षांचा ग्लॉस्टरचा अर्ल होता, हिचा एकुलता एक सख्खा भाऊ. त्याला मूल नव्हतं. मागे तीन बहिणी: एलेनॉर, मार्गारेट आणि धाकटी एलिझाबेथ. वय वर्षं अठरा.

इंग्लंडच्या तेव्हाच्या कायद्यात मुलगा असेल तर थोरला सगळं घेई. मुलगा नसेल आणि मुलीच असतील, तर मात्र थोरली-धाकटी असा भेद नव्हता, सारखी वाटणी. अशा जोडीने वारस होणाऱ्या बहिणींना एक खास शब्द होता, 'कोपार्सनर'.

हा शब्द कानावर पडला तशी मी चहाचा कप खाली ठेवला. कारण हा शब्द मला माहीत होता. हक्कसोडाच्या वेळी वकिलांनी तो चार वेळा उच्चारला होता. मराठीत सहदायक म्हणतात. इंग्रज वकील-न्यायाधीश आपल्याकडे हिंदू एकत्र कुटुंबाचा कायदा लिहायला बसले तेव्हा त्यांनी हा आपल्या गावचा शब्द उचलला आणि बाप, मुलगा, नातू, पणतू यांना लावला. मुली सोडून. तिकडे जो शब्द मुख्यतः बहिणींसाठी वापरात होता, तो इकडे येऊन पुरुषांचा झाला! महाराष्ट्राने २२ जून १९९४ पासून मुलींना सहदायक केलं, तेही त्या तारखेच्या आधी लग्न न झालेल्या मुलींना. बाकी सगळ्यांना त्यासाठी ९ सप्टेंबर २००५ उजाडावं लागलं. थोरल्या बहिणीचं लग्न १९९१चं, माझं १९९६चं. एकाच आईच्या दोन मुली, आणि अकरा वर्षं कायद्याच्या नजरेत दोन जातीच्या. आम्हाला दोघींना ते तेव्हा ठाऊकच नव्हतं, हा भाग वेगळा.

असो. तिकडे तीन बहिणींची वाटणी लगेच व्हायला हवी होती. झाली नाही, कारण मेलेल्या अर्लची विधवा मॉड म्हणाली, मला दिवस गेलेत. आता अर्लचं मूल जन्माला येणार असेल तर बहिणींना काय मिळणार? सगळे थांबले. नऊ महिने झाले. वर्ष झालं. मॉडचे दिवस काही भरेनात. दोन वर्षं होऊन गेली तरी राजाचे कायदेपंडित ती गरोदर असल्याचं गंभीरपणे मान्य करत होते. राजा होता दुसरा एडवर्ड, या मुलींचा सख्खा मामा. वाटणी लांबली की इस्टेटीचं उत्पन्न त्याच्याच खजिन्यात जात होतं, त्यामुळे भाचेसुनेच्या शब्दावर त्याचा विश्वास असणं साहजिक होतं. हे भिजत घोंगडं १३१७च्या नोव्हेंबरपर्यंत पडून राहिलं.

पण वाटणी झाली नसली तरी होणार हे सगळ्या इंग्लंडला दिसत होतं. एकूण इस्टेट वर्षाला सहा हजार पौंडांच्या घरातली, प्रत्येकीचा वाटा दोन हजार. वर्षाला चाळीस पौंडांची जमीन असलेल्या माणसाला सरदारकीची दीक्षा घ्यायला राजा भाग पाडू शके, असा तो काळ. थोरल्या एलेनॉरला नवरा होता, ह्यू डिस्पेन्सर. मधलीचा नवरा पिअर्स गॅव्हेस्टन, राजाचा जिवलग, त्याला १३१२मध्ये सरदारांनी मारलं होतं, ती विधवा. आणि धाकटी विधवा, आयर्लंडात. मामाने तिला बोलावून घेतलं आणि ब्रिस्टलच्या किल्ल्यात ठेवलं. आपल्या मर्जीतला नवरा मिळेपर्यंत.

४ फेब्रुवारी १३१६ला थिओबाल्ड द व्हर्डन नावाचा, आयर्लंडमध्ये राजाचा कारभार पाहिलेला एक सरदार ब्रिस्टलहून तिला घेऊन गेला आणि त्याने तिच्याशी लग्न लावलं. राजाने त्याला पार्लमेंटपुढे उभं केलं. तो म्हणाला, मी पळवली नाही, आयर्लंडात आमचं ठरलंच होतं, ती आपणहून किल्ल्याबाहेर आली. कोणी तिला विचारलं? कागदात तसं दिसत नाही. तिला पळवलं, की मामाच्या हातावर तुरी देऊन ती स्वतः निघाली, हे सातशे वर्षांनी आपण कुठल्या तोंडाने सांगायचं? मला मात्र दुसरं वाटून जातं, आणि त्याला पुरावा काही नाही. मामाने निवडलेला परका आणि आयर्लंडात पाहिलेला ओळखीचा, यात तिने ओळखीचा घेतला असेल. या घराण्यात पुढेही हेच चालू राहिलं. मधल्या बहिणीच्या मुलीला, म्हणजे एका भाचीला, १३३६मध्ये राल्फ स्टॅफर्डने उचलून नेलं, आणि तेव्हाच्या राजाने त्याच्याच बाजूने निकाल केला. वारस मुलगी म्हणजे दार उघडं राहिलेली तिजोरी.

सहा महिनेही झाले नाहीत तोच व्हर्डन मेला. ती गरोदर होती. एम्सबरीच्या मठात तिची मावशी मेरी नन होती, तिच्याकडे ती जाऊन राहिली. तिथेच मामाचं पत्र आलं. लाडक्या भाचीला लिहिलेलं, आर्जवाचं आणि आज्ञेचं, की रॉजर डामोरीशी लग्न कर. हा डामोरी तेव्हा राजाचा नवा लाडका. मॅग्ना कार्टात १२१५ पासून लिहून ठेवलेलं होतं की विधवेला तिच्या मर्जीविरुद्ध लग्न करायला कोणी भाग पाडू नये. लिहिलेलं होतं. मार्च १३१७मध्ये तिला मुलगी झाली, आणि थोड्याच आठवड्यांत लग्न. तिसरं. वय एकवीस.

नवरा मर्जीतला मिळाला, मग वाटणीलाही गती आली. धाकटीच्या वाट्याला आलं सफोकमधलं क्लेअर आणि त्याच्या आसपासची गावं, वेल्समधलं अस्क आणि कार्लिअन, डॉर्सेटमधलं क्रॅनबर्न आणि आयर्लंडमधल्या काही जमिनी.

आता दाजी. थोरल्या बहिणीचा नवरा, ह्यू डिस्पेन्सर. त्याच्या वाट्याला वेल्समधलं ग्लॅमॉर्गन आलं होतं, तिन्ही वाट्यांत भारी. पण शेजारी मेव्हणीचं अस्क दिसत होतं. बांध कोरणारा भाऊबंद आपल्याकडे गावोगाव असतो. हा दाजी म्हणजे त्याचं राजेशाही रूप. डामोरीची जागा त्याने राजाच्या मनात घेतली आणि मग तो सुटलाच. वेल्सच्या सीमेवरच्या सरदारांनी १३२१मध्ये त्याच्याविरुद्ध शस्त्र उचललं, त्यांत डामोरी होता. १३२२च्या मार्चमध्ये टटबरीला तो मरून पडला. एलिझाबेथला अस्कमध्ये पकडलं आणि मुलांसकट बार्किंगच्या मठात नेऊन ठेवलं. तेव्हा ती सव्वीस वर्षांची होती, तीनदा विधवा.

इथून पुढचा भाग मला तोंडपाठ झालाय.

तिला सांगण्यात आलं, अस्क दाजीला दे, बदल्यात गावर घे. गावरही वेल्समध्येच, पण उत्पन्न कमी. ती नाही म्हणाली. तर तिच्या बाकीच्या जमिनी सोडणार नाही म्हणाले. तिने अदलाबदल केली. मग राजाने नाताळाला यॉर्कला बोलावलं. ती गेली. तिथे तिच्या सल्लागारांना तिच्यापासून तोडलं आणि एक नवा कागद पुढे ठेवला. राजाच्या परवानगीशिवाय लग्न करणार नाही, जमीन कुणाला देणार नाही, भाड्याने लावणार नाही, असं स्वतःला बांधून घेणारा. ती सही-शिक्का न करताच तिथून निघाली. वाटेत निरोप गाठला: परत ये, नाहीतर राजाकडून मिळालेलं तसूभरही तुझ्याकडे राहणार नाही. ती परत फिरली. शिक्का उठवला. पुढे गावरही गेलं. गावरच्या जुन्या मालकाला दाजीने पुढे केलं, त्याने दावा लावला, कोर्टाने त्याला जमीन दिली, आणि ती जाऊन पोचली दाजीच्या घरात. सगळं कायदेशीर. एकही कागद कमी नाही.

त्या कागदांमध्येही राजीखुशीचं काही लिहिलेलं असणारच.

मग तिने जे केलं त्यासाठी मी हा लेख लिहायला घेतला. १३२६च्या मे महिन्यात, दाजी अजून राजाच्या उजव्या हाताला बसलेला असताना, तिने क्लेअरच्या किल्ल्यात गुपचूप एक नोटरी बसवला आणि सगळं सांगून लिहून घेतलं. मला कुठे पकडलं, मुलांसह कुठे ठेवलं, काय धमकी दिली, यॉर्कहून निघाल्यावर परत कशी वळवली. शिक्का माझा आहे, पण तो भीतीने उठवलाय. माझा हक्क मी सोडलेला नाही. हा कागद कुठल्याही कोर्टात नेण्यासारखा नव्हता. त्या घटकेला तो सापडला असता तर तिचं उरलंसुरलंही गेलं असतं. तिने तो केला आणि पेटीत ठेवून दिला.

सप्टेंबरमध्ये राजाचीच बायको, राणी इझाबेला, परदेशातून फौज घेऊन याच सफोकच्या किनाऱ्यावर उतरली. नोव्हेंबरमध्ये हेरफर्डला डिस्पेन्सरला फाशी देऊन त्याचे तुकडे केले. राजाचं राज्य गेलं. अस्क तिला परत मिळालं.

टेकाडावर वारा सुटला होता. लेक म्हणाली, "तू का केलीस सही?" मी म्हटलं, खाली जाऊ, थंडी वाजतेय.

केंब्रिजला तिच्या नावाचं कॉलेज आहे, क्लेअर कॉलेज. १३२६मध्ये कुणा रिचर्ड द बॅड्यूने युनिव्हर्सिटी हॉल नावाने ते काढलं होतं, पण चालवायला पैसा नव्हता. १३३८मध्ये एलिझाबेथने ते पदराखाली घेतलं, जमिनी दिल्या, आणि १३५९मध्ये त्याचे नियम घालून दिले. फेलो मंडळींबरोबर, म्हणजे कॉलेजातल्या विद्वानांबरोबर, दहा गरीब मुलं वाढवायची, वीस वर्षांची होईपर्यंत शिकवायची, अशी तरतूद आहे त्यांत. तिच्या वेळचा दगड तिथे एकही दिसत नाही. आजच्या इमारती १६३८ नंतरच्या, नदीवरचा पूल १६४०चा. पण ढाल आहे. एका अंगाला क्लेअर घराण्याचे त्रिकोणी पट्टे, दुसऱ्या अंगाला बर्ग घराण्याचा क्रूस, आणि भोवती काळी किनार, तिच्यावर सोन्याचे थेंब. वाटाडे सांगतात, हे तिचे अश्रू, तीन नवऱ्यांसाठी गाळलेले. ऐकणारे हळहळतात. मी थेंब मोजायला गेले आणि दोनदा चुकले. खरं सांगायचं तर मला ते अश्रू फारसे पटले नाहीत. शेवटच्या नवऱ्यानंतर ही बाई अडतीस वर्षं जगली, आणि त्या अडतीस वर्षांत तिने काय केलं याचा पुरावा थेंबांत नाही, हिशेबात आहे.

लंडनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात तिच्या घरखर्चाच्या शंभरेक गुंडाळ्या जपून ठेवल्यात. कातड्याला कातडं शिवून केलेल्या, लॅटिनमध्ये, रोमन आकड्यांत. साल २९ सप्टेंबरला, मायकेलच्या सणाला सुरू होणार आणि पुढच्या त्याच तारखेला संपणार, आपल्याकडे वहीपूजनाला नवी चोपडी निघते तसं. रोजच्या नोंदी खात्यांनुसार: भाकरीचं कोठार, पेयांचं कोठार, स्वयंपाकघर, कोंबड्या-पाखरं, तबेला. आज पाव किती, एल किती, मासळी कुठली, रात्री वस्तीला घोडे किती, त्यांना ओट किती. एल म्हणजे तेव्हाची बियर, रोजच्या पाण्याच्या जागी. तीही घरात बनायची, एका वेळी आठ क्वार्टर धान्य घालून, क्वार्टरला साठ गॅलन. म्हणजे एका घाण्याला चारशे ऐंशी गॅलन. ती फार दिवस टिकत नसे, म्हणून वर्षभर भट्टी चालू. हेरिंग आणि सुकट यार्मथच्या बाजूने, वाइन गॅस्कनीहून, मसाले लंडनहून. त्या मसाल्यांतली मिरी मलबारची. इजिप्त, व्हेनिस करत करत क्लेअरच्या मुदपाकखान्यात पोचलेली.

वर्षाचं उत्पन्न अडीच हजार पौंडांच्या आसपास होतं. कारकून, सरदार, शिपाई, सोनार, बाजदार, स्वयंपाकी, धोबीण, सगळ्यांना वर्षाला अंगावरचं कापड मिळे, दर्जाप्रमाणे. सोनार तिने घरीच बसवला होता, तेवढा शौक होता. जमिनीचे हिशेब तपासायला माणसं गावोगाव फिरत. क्लेअर, एसेक्समधलं बार्डफील्ड आणि वेल्समधलं अस्क यांच्यात तिची स्वतःची फिरती असे. भिकाऱ्यांना जेवण, मठांना दानधर्म, कँटरबरी-वॉल्सिंगहॅमच्या यात्रा. घरी पाहुणे कोण, तर राजे आणि राजपुत्रसुद्धा. आणि पेम्ब्रोकची विधवा काउंटेस, मारी द सां पॉल, सतत. दोघी मैत्रिणी, दोघी एकट्या, दोघींच्या हातात आपापला पैसा. हिने क्लेअर उभं केलं, तिने १३४७मध्ये पेम्ब्रोक कॉलेज काढलं. जेवणाच्या मेजावर काय बोलल्या असतील त्या! मास्तर किती ठेवलेस, पगार किती देतेस, सरपणाला पुरतं का? गंमत अशी, की या दोघींच्या कॉलेजांत मुलींना पदवीसाठी शिकायला आत घेतलं ते क्लेअरने १९७२मध्ये आणि पेम्ब्रोकने १९८४मध्ये.

तिने चौथं लग्न केलं नाही, यात मला नवल वाटत नाही. बायकोची जमीन नवऱ्याच्या ताब्यात जाई. लग्नाआधी ती बापाच्या नाहीतर राजाच्या. विधवा मात्र आपल्या जमिनीची आपण मालक, वर नवऱ्याच्या इस्टेटीतला तिसरा हिस्सा हयातभर. हिच्याकडे असे तीन तिसरे हिस्से होते. दाजीने जबरदस्तीने लिहून घेतलं होतं ना, राजाला विचारल्याशिवाय लग्न करणार नाही? ते तिने आपल्या मर्जीने शेवटपर्यंत पाळलं. नाव मात्र पहिल्या नवऱ्याचंच लावलं, द बर्ग. प्रेमाने असेल. किंवा मुलगा अल्स्टरचा अर्ल होता, म्हणून.

तो मुलगा, विल्यम, १३३३च्या जूनमध्ये आयर्लंडात त्याच्याच माणसांनी मारला. एकवीस पुरं व्हायचं होतं. मागे एक तान्ही मुलगी, आजीच्याच नावाची. ती पुढे राजा तिसऱ्या एडवर्डच्या मुलाला, लायोनेलला दिली, आणि तिच्या वंशातून यॉर्क घराण्याचे राजे आले. एम्सबरीला जन्मलेली मुलगी इझाबेला १३४९च्या प्लेगात गेली. कॉलेजच्या नियमांच्या सुरुवातीला एलिझाबेथने प्लेगाने किती माणसं नेली, विद्येचं किती नुकसान झालं, हे लिहून घेतलंय. स्वतःच्या मुलीचं नाव तिथे नाही.

शेवटी तिने लंडनला, ऑल्डगेटबाहेर मायनरेस ननांच्या मठाच्या आवारात घर बांधलं, १३५२मध्ये. १३५५मध्ये मृत्युपत्र केलं, फ्रेंचमध्ये. हे मृत्युपत्र म्हणजे एका घराची शिरगणती आहे. सरदारांपासून मुदपाकखान्यातल्या माणसांपर्यंत नावानिशी कुणाला काय. कॉलेजला चांदीची भांडी, पूजेची वस्त्रं, पुस्तकं, रोख. ४ नोव्हेंबर १३६०ला ती गेली, पासष्टाव्या वर्षी, आणि त्या मठातच पुरली. तो मठ आता नाही. तिच्या आईची, जोनची कबर क्लेअरच्या ऑगस्टिनियन मठात होती, तिथे १९५३मध्ये ऑगस्टिनियन फ्रायर, म्हणजे त्या पंथाचे साधू, परत राहायला आले. आम्ही गेलो तेव्हा एक म्हातारे फ्रायर गवत कापत होते.

हिशेबाच्या गुंडाळ्यांचे फोटो रात्री लेकीच्या लॅपटॉपवर बघितले. अक्षर मला लागत नव्हतं, पण मांडणी लागत होती. तारीख, खातं, नग, दर, बेरीज. मुलगा मेला त्या आठवड्यातही पाव भाजले असणार, घोड्यांना ओट घातले असणार, आणि कारकुनाने ते लिहिलं असणार. दुःखाला रकाना नसतो.

मीही लग्नापासून खर्चाची वही लिहिते. हक्कसोडाच्या दिवसाचं पान पुण्याला परत आल्यावर काढून बघितलं, काहीतरी लिहिलं असेल म्हणून. डाव्या बाजूला: एसटी १७०, झेरॉक्स ३६, चहा (सगळ्यांचा) ९०, देवळात ११. उजव्या बाजूला, जमा: साडी १, हिरवी, भावाकडून. आणि त्याखाली पेन्सिलने, अगदी बारीक, माझ्याच अक्षरात: 'विहिरीजवळचा आंबा बाबांनी माझ्या जन्माच्या साली लावलेला आहे.'